विमानप्रवासासाठी क्रेडिट कार्ड घेताय? आधी या चुका टाळा

चटयांच्या धंद्यापायी जळगावहून माझं कायम विमानाने जाणं-येणं असतं. त्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, "भाऊ, कोणतं कार्ड घेऊ?" हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. तुम्ही कुठून उडता, हे आधी सांगा.

माझं पहिलं कार्ड एका विमान कंपनीच्या नावाचं होतं. एजंटाने दुकानात बसून फॉर्म भरून घेतला, मोफत तिकिटाचं आमिष दाखवलं. दोन वर्षं मी सगळा खर्च त्याच कार्डावर केला. आईला घेऊन चेन्नईला जायचं ठरलं तेव्हा कळलं, की ती कंपनी ना जळगावला उतरते ना संभाजीनगरला. म्हणजे रात्रीची रेल्वे धरून मुंबई गाठायची, तिथून टॅक्सी. बरं, हव्या त्या तारखांना माइल्सवर, म्हणजे कार्डाच्या खर्चावर जमलेल्या विमान कंपनीच्या पॉइंटांवर, जागाच नव्हती. होती त्या दिवशी कर आणि शुल्क खिशातून भरायचं होतं. शेवटी रोख पैसे मोजून दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढली. माइल्स मुदत संपून गेले. आईसाठी जमवलेले होते, म्हणून अजून लागतं.

जळगावहून छोटी विमानं मोजक्याच शहरांना जातात. धुळेकर नाशिकजवळचं ओझर किंवा शिर्डी गाठतात, नंदुरबारकर सुरत. एकाच कंपनीला धरून राहणं खानदेशातल्या माणसाला परवडत नाही. त्यात कंपन्याही बदलतात. १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि विस्ताराच्या नावाची कार्डं बाळगणाऱ्यांना हिशेब नव्याने मांडावा लागला. म्हणून मी बँकेचे पॉइंट देणारं कार्ड घेतो, जे दोन-चार कंपन्यांकडे वळवता येतात. त्याआधी गेल्या वर्षीची सगळी तिकिटं काढून वहीत लिहितो: कुठून, कुठे, कोणाचं विमान. तासाभराचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

लाउंजची, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षाची, अट न वाचणं ही दुसरी चूक. बऱ्याच कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश मिळतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनं घेतलं आणि मे महिन्यात लाउंजच्या दारात उभे राहिलात, तर तिथे जानेवारी ते मार्चचा खर्च बघतात. काही कार्डं सोन्याच्या खरेदीवर पॉइंटच देत नाहीत, तेही विचारून घ्या.

अमळनेरचा माझा भाचा हुशार पोरगा. साठ हजारांचं बिल आलं, त्यातले तीन हजार भरून मोकळा झाला. "मामा, कमीत कमी एवढेच भरायचे लिहिलंय." महिना पावणेचार टक्के धरले तर उरलेल्या ५७ हजारांवर २,१३७ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच हजारांच्या वर गेले. वर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत राहिली नाही. त्या साठ हजारांवर मिळालेले पॉइंट होते तीनशे रुपयांचे! पूर्ण बिल भरण्याची शिस्त नसेल, तर कार्ड घेऊच नका. यात मी कोणाचं ऐकत नाही.

कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं.

केळीच्या कामाला दुबईला जाणाऱ्यांनी परकीय चलनाचं शुल्क बघावं. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि वर जीएसटी, म्हणजे लाखाला ४,१३० रुपये. तिथलं मशीन "रुपये की दिरहम" विचारतं, तेव्हा दिरहमच निवडा. रुपये निवडले तर दर त्यांच्या मर्जीचा.

वार्षिक फीवरही जीएसटी असतो. फी लागायच्या महिनाभर आधी मी वही उघडतो आणि वर्षभरात मिळालेल्या फायद्याची बेरीज करतो. ती फीपेक्षा कमी भरली तर थकबाकी शून्य करून कार्ड बंद करायचा लेखी अर्ज देतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. अर्जाची पोच जपून ठेवा.