मार्चमध्ये कुसात्सूला निघालात? या चुका टाळा

मार्च म्हणजे साकुरा, अर्थात चेरीचा बहर, आणि साकुरा म्हणजे पातळ जॅकेट, असा हिशोब करून तोक्योहून कुसात्सू गाठणारे पुष्कळ भेटतात. गुन्मा प्रांतातलं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. मार्चमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग असतात आणि चेरी फुलते ती थेट एप्रिलच्या अखेरीस. फुलांसाठीच जायचं असेल तर तारीख बदला. आजूबाजूला बर्फ आणि आपण वाफाळत्या पाण्यात, हे हवं असेल तर मात्र मार्च उत्तम. बूट तेवढे न घसरणारे घ्या.

जोडवी काढायला विसरणं

कुसात्सूचं पाणी म्हणजे नुसतं तापवलेलं पाणी नव्हे. त्याचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकं आम्लधर्मी. त्यात गंधकही आहे. गावाखालच्या नदीत १९६४ पासून रोज चुना मिसळावा लागतो, नाहीतर पुढे लोखंड-सिमेंटची बांधकामं टिकत नाहीत आणि मासेही जगत नाहीत. अशा पाण्यात चांदीची जोडवी, पैंजण, अंगठ्या घालून उतरलात तर काळ्या पडणारच. एक ग्रॅमचं मंगळसूत्र, घड्याळ हेही खोलीतच ठेवा. चांदी काळवंडलीच तर घाबरू नका. तो वरचा थर असतो, पॉलिशने निघतो.

आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा दाढी केली असेल तर अंगाला सणसणीत झोंबतं. ओलं बोट डोळ्याला लागलं तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका. ‘झऱ्याचं पाणी अंगावरच वाळू द्यावं’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, पण ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी इथे तो मानू नये. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन घ्या आणि टॉवेलने टिपा.

कपड्यांनिशी उतरणं, न धुता उतरणं

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्यांना पहिला धक्का इथे बसतो. स्त्री-पुरुषांची स्नानगृहं वेगळी, पण आत कपडे नाहीत. पोहण्याचा पोशाखही नाही. लाज पाच मिनिटांत जाते, कारण तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं, केस वर बांधायचे, मग कुंडात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा.

शिराहाता-नो-यु, चियो-नो-यु आणि जिझो-नो-यु ही फुकटची सार्वजनिक स्नानगृहं पाहुण्यांसाठी खुली आहेत. तिथे शॉवरही नाही आणि साबणही नाही. बादलीने कुंडाचंच पाणी काढून पायांपासून वर अंगावर घ्यायचं, तेही चांगलं दहाएक वेळा. यात अंग स्वच्छ होतं आणि उष्णतेची सवयही होते. गावात आणखी अशी स्नानगृहं दिसतील, पण ती गावकऱ्यांची. दार उघडं दिसलं म्हणून शिरू नका.

टॅटू असेल तर तो चालतो का, हे हॉटेलला आधी विचारा. हातभर मेंदी असली तरी विचारून ठेवा.

‘पैसे वसूल’ होईपर्यंत बसणं

गावाच्या मधोमध युबाताके आहे. लाकडी पन्हळींतून झऱ्याचं पाणी वाहवत निववतात, कारण ते पन्नास अंशांहून गरम असतं आणि साधं पाणी घातलं तर त्याचा कस जातो. नेत्सु-नो-यु या सभागृहात बायका लांब फळ्यांनी पाणी ढवळतात, तेही त्याचसाठी. तो खेळ पाहण्यासारखा आहे. इथल्या जुन्या पद्धतीत कडक पाण्यात एका वेळी तीनच मिनिटं बसत. तुम्हीही तीन-चार मिनिटांनी बाहेर या, काठावर बसा, वाटलं तर पुन्हा उतरा. डोकं हलकं झालं तर झटकन उभं राहू नका; काठाला धरून हळूहळू या, बसा, पाणी प्या. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, प्यायल्यावर स्नान नकोच. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

शाकाहाराचं ऐनवेळी सांगणं

र्योकानमधलं, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहातलं, रात्रीचं जेवण दिवसभर आधी ठरलेलं असतं. मांस-मासे नकोत एवढं सांगून भागत नाही, कारण सूपच्या रश्शात, म्हणजे दाशीत, सुक्या माशाचा अर्क असतो. बुकिंग करतानाच ‘दाशीही नको’ असं जपानीत लिहून पाठवा. तरी होकार आला नाही तर जेवणाशिवाय खोली घ्या आणि थेपले, रेडी-टू-ईट पाकिटं सोबत ठेवा. गावातली दुकानं लवकर बंद होतात, आणि सहा-साडेसहाच्या जेवणाला उशीर करणं तिथे फारच वाईट दिसतं.

उशीर होतो तो बहुधा प्रवासात. कुसात्सूत रेल्वे स्टेशन नाही. तोक्योतल्या उएनोहून नागानोहारा-कुसात्सुगुची स्टेशनपर्यंत एक्सप्रेसने सुमारे अडीच तास, तिथून बसने आणखी पंचवीसेक मिनिटं. बस गाडीच्या वेळेला जोडलेली असते, म्हणून स्टेशनवर फोटो काढत रेंगाळू नका. तोक्योतल्याच शिंजुकूहून थेट बसही आहे, चारेक तासांची. माणशी थोडा स्नानकर हॉटेलात वेगळा भरावा लागतो, तेव्हा सुटे येन जवळ असू द्या.