प्रकाशनांची यादी करताय? या चुका टाळा

कोकणातल्या वाडीत ‘सावंतांचं घर कुठे?’ असं विचारलं की समोरचा आधी विचारतो, ‘कुठले सावंत?’ गूगल स्कॉलर, म्हणजे शोधनिबंध शोधून देणारं गूगलचं यंत्र, तेवढीही चौकशी करत नाही. सगळ्या एस. सावंतांना तो एकाच पंगतीला बसवतो.

मी रत्नागिरीत ग्रंथपाल आहे. गेल्या जुलैत एक डॉक्टरबाई बढतीच्या अर्जासाठी आपली यादी घेऊन आल्या. विषय दोन: वार्धक्याचं जीवशास्त्र आणि शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग. यादीत ४१ लेख. त्यातले नऊ कोळंबीच्या खाद्यावरचे! आडनाव तेच, आद्याक्षर तेच, माणूस मत्स्यशास्त्राचा. नाव दिसलं की ‘माझाच लेख’ म्हणून टिचकी मारायची, ही पहिली चूक. सहलेखक आणि संस्था बघितल्याशिवाय काहीही स्वीकारू नका. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, लेखकांची पूर्ण नावं साधारण २००२ पासून दिसतात; त्याआधीच्या नोंदींत आडनाव आणि आद्याक्षरंच, म्हणून जुन्या लेखांत घोळ जास्त.

उलट बाजूने बाईंचे लग्नाआधीचे पाच लेख यादीत नव्हतेच. ते माहेरच्या आडनावावर. यावर उपाय ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक. २०१२ पासून मिळतो, फुकट आहे, १६ अंकी आहे. त्यात दोन्ही नावं नोंदवून ठेवा. नुसता क्रमांक काढून खातं रिकामं सोडणारेच जास्त भेटतात, ते वेगळं.

दुसरा घोळ एकच काम दोनदा मोजण्याचा. प्रीप्रिंटचा (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेल्या मसुद्याचा) डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, वेगळा, छापील लेखाचा वेगळा, म्हणून यंत्राला ते दोन लेख वाटतात. परिषदेतला सारांशही तसाच आत शिरतो. बाईंच्या यादीत अशा सहा जोडनोंदी निघाल्या. मुलाखतीत समितीने पकडलं, तर ‘यंत्राने केलं’ हे कुणी ऐकून घेत नाही.

शोधशब्दाकडेही लक्ष द्या. ‘एजिंग’ अमेरिकन माणूस ई गाळून लिहितो, इंग्रज ई ठेवून. शीर्षकात एकच रूप शोधलंत तर निम्मं हातचं जाईल. संसर्गाचंही तेच. ‘सर्जिकल साइट इन्फेक्शन’ हे नाव १९९२ मध्ये रूढ झालं. त्याआधीच्या लेखांत ‘वूंड इन्फेक्शन’ सापडेल, आणि पबमेडची विषयसंज्ञा (विषयानुसार लेख शोधायचा ठरलेला शब्द) अजून ‘सर्जिकल वूंड इन्फेक्शन’ हीच आहे.

मागे घेतलेले, म्हणजे छापून आल्यावर नियतकालिकाने रद्द ठरवलेले लेख तपासायला मात्र कुणालाच सवड नसते. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी, श्वासनलिकेत नळी घालून भूल दिलेल्या प्रौढ रुग्णांना ८० टक्के ऑक्सिजन द्यावा, अशी ठाम शिफारस केली. पुढे त्यामागच्या काही चाचण्यांवर प्रश्न उठले, काही लेख मागे घेतले गेले आणि शिफारस सौम्य करावी लागली. तुमच्या यादीतला लेख असल्या चाचणीवर उभा असेल, तर ते आधी तुम्हालाच कळलेलं बरं. पबमेडच्या पानावर तशी सूचना ठळक दिसते.

एच-इंडेक्स (तो दहा, म्हणजे निदान दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहा वेळा इतरांनी संदर्भ दिलेला) लिहिताना तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. स्कोपस या दुसऱ्या लेखसूचीचे आणि गूगल स्कॉलरचे आकडे जुळत नाहीत.

शेवटी बाईंची यादी ३१ वर आली. लाइट दोनदा गेले, चहा तीनदा झाला. कोळंबीचे लेख काढताच एच-इंडेक्स तीनने उतरला. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘बघा हो, माझ्या म्हाताऱ्या पेशींपेक्षा ह्याच्या कोळंबीलाच मान जास्त!’