लाकडी वाड्यात पूर्वी कोण राहत होते, हे कसे शोधावे

पुण्याच्या पेठांमधील एखाद्या जुन्या लाकडी वाड्यात कोण राहून गेले याचा शोध घेताना वाड्याच्या नावावर विसंबू नये, कारण ते बहुधा एखाद्या मालकाचे असते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात, आणि लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतलेला नारायण पेठेतील वाडाही गायकवाडवाडा म्हणूनच बरीच वर्षे ओळखला गेला.

सुरुवात वास्तूपासून करावी. दगडी जोते, चौकाभोवतीच्या ओसऱ्या, कडीपाटाचे (लाकडी तुळया व फळ्यांचे) छत यांची नोंद घेऊन दोन खांबांमधील खण मोजावेत आणि साधा आराखडा काढावा. सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब व केळफुलाचे कोरीवकाम पेशवाईकडे बोट दाखवतात. मात्र जुने सागवान काढून दुसरीकडे बसवण्याची रीत असल्याने एवढ्यावरून काळ ठरवू नये. १८०७ च्या विश्रामबागवाड्याचाही काही भाग १८७९ च्या आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. मंगलोरी कौले दिसली तर ते छप्पर १८६५ नंतरचे समजावे, कारण मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना त्या वर्षीचा आहे. त्याखालचे घर मात्र त्याहून जुने असू शकते.

मग कागदांकडे वळावे. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (मालकीची नोंद) व फेरफाराचे (मालकी बदलल्याच्या नोंदींचे) उतारे घ्यावेत, आणि नगर भूमापन क्रमांक व महापालिकेचा घरांक यांची गल्लत होऊ देऊ नये. खरी अडचण पुढे येते: पुण्यातील कितीतरी लेखक, शिक्षक व संपादक भाडेकरू होते आणि भाडेकरूचे नाव मिळकत पत्रिकेवर येत नाही. त्यांच्यासाठी पत्रांवरील पत्ते, लग्नपत्रिका, भाडेपावत्या आणि जुन्या नियतकालिकांची शेवटची पाने पाहावीत. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे ठिकाण छापणे बंधनकारक केले होते, त्यामुळे तेथे पेठ आणि कधीकधी घरांकही सापडतो. पण तो पत्ता छापखान्याचा असू शकतो, हे विसरू नये. पेशवाईतील मालकांसाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर (पेशव्यांच्या कारभाराचे कागद) आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही दोन ठिकाणे आहेत. तेथील बरेचसे कागद मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणारा सोबती हवा.

वाड्यातील वृद्धांच्या आठवणी अवश्य टिपून घ्याव्यात, पण त्या कागदांशी ताडून पाहाव्यात. ऐकीव माहिती प्रमाण मानली, तर पेठेतल्या प्रत्येक ओसरीवर लोकमान्य बसून गेलेले असतात. नोंद लिहिताना ‘मालक होते’, ‘भाड्याने राहत’ आणि ‘उतरले होते’ हे तीन प्रकार वेगळे ठेवावेत, आणि कागद एकाच वर्षाचा मिळाला असेल तर तेवढेच वर्ष लिहावे.