नर्मदा परिक्रमेसाठी जीपीएसमध्ये स्वतःची ठिकाणं भरताय? या चुका टाळा

नावडातोडीहून संध्याकाळी साडेपाचला फोन आला. "काका, यंत्र म्हणतंय आश्रम 900 मीटरवर आहे. पण समोर तर मैया आहे हो! जायचं कसं?"

पुण्याचं जोडपं होतं, दोघंही साठीच्या पुढचे. ओंकारेश्वरला परिक्रमेचा संकल्प करून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालेले. त्याआधी दोन रात्री इंदूरला आमच्या घरी मुक्काम होता आणि तेव्हा मीच त्यांच्या हातातल्या गार्मिनच्या जीपीएस यंत्रात आश्रम, घाट, सदाव्रताच्या (परिक्रमावासींना शिधा मिळतो त्या) जागा भरून दिल्या होत्या. यंत्राने सांगितलेलं अंतर बरोबर होतं. आश्रम तेवढ्याच अंतरावर होता, पण पलीकडे, उत्तर तटावरच्या महेश्वरला. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नसते, ती सतत उजव्या हाताला ठेवायची असते. म्हणजे समोर दिसणाऱ्या त्या आश्रमात पोचायला त्यांना आधी समुद्र गाठायचा, विमलेश्वरहून नावेने मिठीतलाईला उतरायचं आणि उत्तर तटाने परत पूर्वेला यायचं. पायी महिन्याहून जास्त.

गावातल्या एका घराने त्यांना त्या रात्री ओसरी दिली, जेवूही घातलं. पण अंधार पडेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती, कारण चूक माझी होती. दोन्ही तटांची ठिकाणं मी एकाच फाइलमध्ये टाकली होती.

जवळचं म्हणजे कुठल्या तटावरचं?

जीपीएस यंत्र 'जवळची ठिकाणं' दाखवतं ती सरळ रेषेत मोजून. मधे नदी आहे, दरी आहे की धरणाचा फुगवटा, याच्याशी त्या यादीला देणंघेणं नसतं. म्हणून नर्मदेसाठी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: उत्तर तट आणि दक्षिण तट अशा दोन वेगळ्या फाइली करा. गार्मिनच्या पीओआय लोडरमध्ये (आपली ठिकाणं संगणकावरून यंत्रात भरायचा प्रोग्राम) फाइलीचं किंवा फोल्डरचं नाव हाच यंत्रातला प्रकार होतो, त्यामुळे परिक्रमावासी 'दक्षिण तट' उघडून फक्त त्याच बाजूची यादी बघू शकतो. शिवाय प्रत्येक ठिकाणाच्या नावाच्या सुरुवातीलाही तटाचं एक अक्षर लावा. थकलेला माणूस प्रकार उघडायला विसरतो, पण नाव तर वाचतोच.

गाडीने परिक्रमा करणाऱ्यांना हाच त्रास वेगळ्या रूपात होतो. ठिकाण बरोबर तटावर असतं, पण यंत्र जवळचा रस्ता म्हणून खलघाटच्या पुलावरून पलीकडे नेतं आणि मोरटक्क्याच्या पुलावरून परत आणतं. 'ही नदी ओलांडू नकोस' असं सांगायची सोय यंत्रात नाही. उपाय एकच, मधली दोन-तीन ठिकाणं थांबे म्हणून त्याच तटावर द्यायची आणि निघण्याआधी पूर्ण रस्ता नकाशावर लांबून बघायचा. निळी रेघ नदी कापताना दिसली की आणखी एक थांबा घाला.

राजवाडा बर्फाळ समुद्रात

आता आकड्यांच्या चुका. माझ्याकडे लोकांनी पाठवलेल्या फाइली येतात, त्यात सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच: अक्षांश-रेखांशाची अदलाबदल.

ती होते, कारण गूगल मॅप्सवरून आकडे उचलले की आधी अक्षांश येतो, मग रेखांश. पीओआय लोडरच्या सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) मात्र आधी रेखांश लागतो. ओळ अशी दिसायला हवी:

75.8553,22.7186,"राजवाडा","इंदूर"

हे आकडे उलटे टाकले तर राजवाडा 75.86 अंश उत्तर, 22.72 अंश पूर्व या जागी जातो, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डच्या खालच्या समुद्रात. लोडर तक्रार करत नाही, कारण हे आकडेही पृथ्वीवरच्या एका खऱ्या जागेचेच असतात. यंत्रात ठिकाणं 'गेली' असतात, पण जवळपास काहीच दिसत नाही. फाइल भरली पण यादी रिकामी, अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

नर्मदेपुरता तपासायचा सोपा नियम आहे. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत अक्षांश 21 ते 24 च्या दरम्यान असतो, रेखांश 72 ते 82 च्या. पहिल्या रकान्यात 72 ते 82 आणि दुसऱ्यात 21 ते 24 याबाहेरचा एकही आकडा दिसला तर तिथेच थांबा. रकाना लहान-मोठ्या क्रमाने लावला की चुकीचा आकडा वर किंवा तळाशी आपोआप येतो.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यात ठिकाण फार लांब जात नाही. कुणीतरी वहीत 22 अंश 10 मिनिटं 34 सेकंद लिहून आणतं आणि आपण ते 22.1034 असं टाइप करतो. मिनिटं 60 ची असतात, सेकंदही 60 ची. 10 भागिले 60 आणि 34 भागिले 3600 करून अंशात मिळवले तर उत्तर 22.1761 येतं. या दोन आकड्यांतला फरक जमिनीवर सुमारे 8 किलोमीटर भरतो. महेश्वरचा घाट 8 किलोमीटर दक्षिणेला सरकला म्हणजे तो नदी ओलांडून पलीकडच्या शेतात गेला. हातातली गार्मिन यंत्रं मुळात अंश आणि दशांश मिनिटं अशा तिसऱ्याच रूपात आकडे दाखवतात, 22 अंश 10.566 मिनिटं असे. तेही थेट 22.10566 म्हणून उतरवले की तोच घोळ. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन दशांश अंशांचं रूप निवडा, मग गणित करायचंच नको.

दशांशानंतर किती आकडे घ्यायचे? एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास 111 किलोमीटर. त्या हिशोबाने दोनच आकडे ठेवले तर किलोमीटरभराची ढिलाई राहते आणि नर्मदेवर किलोमीटर म्हणजे दुसरा तट. चार आकड्यांत 11 मीटर, पाचात मीटरभर. पाच ठेवा. त्यापुढचे आठ-दहा आकडे शोभेचे.

आकडे येतात कुठून

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बघून ठिकाण काढू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, असा पाठवलेला फोटो आपल्यातली जागेची नोंद वाटेतच गमावतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला तर नोंद टिकते, अर्थात फोटो काढताना लोकेशन चालू असेल तर. गूगलचा अक्षरं-आकड्यांचा प्लस कोड लोडरला कळत नाही, आधी त्याचे अक्षांश-रेखांश करून घ्यावे लागतात. आणि स्वतः जागेवर जाऊन नोंद घेत असाल तर यंत्र चालू केल्या केल्या बटण दाबू नका. मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं उभे राहा. वडाखाली किंवा घाटाच्या उंच भिंतीलगत घेतलेली नोंद हमखास सरकलेली असते. हातातल्या बऱ्याच गार्मिनमध्ये एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी काढायची सोय आहे, ती वापरा.

जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून आकडे काढणारे ज्येष्ठ मंडळी आमच्याकडे आहेत आणि त्यांची चिकाटी मला फार भावते. पण ते नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले असतात, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर चालतं. ही पृथ्वीच्या आकाराची दोन वेगळी गणितं, म्हणून एकाच जागेचे आकडे दोन्हींत वेगळे येतात. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी आलेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस 84 वर आहेत. जुन्यावरचा आकडा तसाच टाकला तर घाटावरचा ठिपका पाण्यात जाऊ शकतो. यंत्राची सेटिंग मात्र डब्ल्यूजीएस 84 वरून हलवू नका, आकडा बदलून घ्या.

बुडालेली ठिकाणं

हे लिहिताना हात जड होतो. परिक्रमेच्या ठिकाणांच्या ज्या याद्या माणसांकडून माणसांकडे फिरत असतात, त्यांतल्या काही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आहेत. मधल्या काळात मैयाचा काठ बदलला. इंदिरासागर धरणासाठी 2004 मध्ये हरसूद रिकामं झालं. सरदार सरोवर सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि बडवानीजवळचा राजघाट, धार जिल्ह्यातलं चिखलदा, निसरपूर यांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर तर त्याआधीच बुडालं होतं. यादीत मात्र ही सगळी नावं जुन्या आकड्यांसह तशीच असतात आणि त्या ठिकाणी आज पाणी आहे. झाडीत मोबाइलला रेंज नसते, विचारायला वाटेत माणूस भेटेलच असं नाही. तिथे चुकीचा ठिपका असण्यापेक्षा ठिपका नसलेला बरा, कारण ठिपका नसेल तर माणूस उजेडातच थांबायची जागा शोधतो.

म्हणून फाइलीत टिपणाच्या रकान्यात शेवटची खातरजमा कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी केली ते लिहा. मी दोन वर्षांपेक्षा जुनी नोंद वेगळ्या फाइलीत टाकतो आणि ती कुणाच्याही यंत्रात भरत नाही.

एक्सेल आणि लिपी

टिपणात आश्रमाचा फोन नंबर लिहिणं फार उपयोगी. पण 91 लावून 12 आकडे टाकले की एक्सेल त्याचं 9.19 आणि पुढे ई असं करून टाकतं, आणि सीएसव्ही म्हणून साठवल्यावर पुढचे आकडे कायमचे जातात. तो रकाना आधी टेक्स्ट करा किंवा 91 गाळून दहाच आकडे लिहा. पत्त्यात स्वल्पविराम असेल तर तो मजकूर दुहेरी अवतरणात हवा, नाहीतर ओळ मधेच तुटून अर्धा पत्ता भलत्या रकान्यात जातो.

नावं देवनागरीत लिहायचा मोह मलाही होतो. पण बऱ्याच जुन्या यंत्रांत देवनागरी अक्षरंच नसतात, तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. फाइल यूटीएफ-8 मध्ये (देवनागरी अक्षरं टिकवणाऱ्या रूपात) साठवून एक ओळ चाचणी म्हणून टाकून बघा. चौकोन आले तर रोमन लिपीला पर्याय नाही. मग प्रश्न येतो स्पेलिंगचा. बडवाहचा ड कुणी 'डी' लिहितं, कुणी हिंदीतल्या ड़ सारखा 'आर', शेवटी कुणी 'ए' जोडतं. शोधणारा एका तऱ्हेने शोधतो आणि नाव दुसऱ्या तऱ्हेने असतं, की ठिकाण असूनही सापडत नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर जे स्पेलिंग आहे तेच घ्या, आणि सगळ्या फाइलींत एकच.

भरलं, पण दिसत नाही

आकडे बरोबर आहेत आणि तरी ठिकाणं दिसत नाहीत? आधी केबल बघा. घरात पडलेल्या केबलींपैकी कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जातच नाही. संगणकावर यंत्र ड्राइव्ह म्हणून उघडत असेल तर केबल ठीक आहे. मग यंत्रातल्या पीओआय फोल्डरमध्ये लोडरने बनवलेली जीपीआय फाइल आहे का बघा आणि तिची तारीख आजची आहे का तेही.

गेल्या वेळची ठिकाणं गायब झाली असतील तर कारण बहुधा हे: लोडर नवीन संच भरताना जुन्याच्या जागी ठेवतो, त्यात मिळवत नाही. आमच्या एका भाच्याने उत्तर तट सोमवारी भरला, दक्षिण तट मंगळवारी, आणि बुधवारी उत्तर तट नाही म्हणून मला फोन केला. सगळ्या फाइली एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवून दर वेळी तो पूर्ण फोल्डर भरा. किंवा यंत्रातल्या जीपीआय फाइलीला आधीच वेगळं नाव द्या, म्हणजे नवी तिच्यावर बसत नाही.

जवळ आल्यावर घंटी वाजवायची सोय लोडरमध्ये आहे. ती भरताना मीटर की फूट ते विचारलं जातं, घाईत फूट राहिलं तर 500 चे जेमतेम 152 मीटर होतात. आणि फाइलीतल्या ठिकाणांच्या नावांत @ चिन्ह टाळा, त्यापुढचा आकडा लोडर वेगमर्यादा समजतो.

टॉमटॉम कंपनीचं यंत्र असणाऱ्यांना सीएसव्ही चालत नाही, त्यांना ओव्ही2 फाइल लागते. फोनवर ओसमॲन्ड हे नकाशाचं ॲप वापरणाऱ्यांनी जीपीएक्स फाइल करून घ्यावी. तिच्यात अक्षांश आणि रेखांश नाव घालून लिहिलेले असतात, त्यामुळे अदलाबदलीची भीतीच उरत नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक सूचना कळकळीची: साधं जीपीएस बिनधास्त आणा, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणू नका. विमानतळावर अडकलेले लोक आहेत.

चातुर्मासात परिक्रमा थांबते, परिक्रमावासी आहेत तिथेच मुक्काम करतात. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा चालणं सुरू होतं. त्याआधीचे पंधरा दिवस मी यादीतल्या प्रत्येक आश्रमाला फोन लावतो: जागा तीच आहे का, पावसात वाट तुटली का, सदाव्रत चालू आहे का. मग फाइल भरून आधी माझ्याच यंत्रात राजवाडा, अन्नपूर्णा मंदिर आणि आमचं घर ही तीन ठिकाणं उघडून बघतो. ती जागच्या जागी दिसली की नकाशा महेश्वरवर नेतो, मोठा करतो, आणि घाटावरचा ठिपका नदीच्या उत्तरेला आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच यंत्र समोरच्याच्या हातात देतो.