टोमॅटो संपला तरी बेड मोडू नका

शेवटचा तोडा झाला की लगेच ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो. नांगरट, रोटाव्हेटर, पुन्हा बेड म्हणजे गादीवाफे. प्रत्येक फेरीला डिझेल जळतं. शेतीच्या ऊर्जा-हिशोबात १ लिटर डिझेलचे ५६.३१ मेगाज्यूल धरतात, माणसाच्या तासाभराच्या कामाचे १.९६. म्हणून बेड एकदाच करा आणि जपा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं भाताचं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्र याच पायावर उभं आहे. भातानंतर त्याच गादीवाफ्यांवर वाल आणि भाजीपालाही घेता येतो.

पहिल्या वर्षी मात्र मशागतीत कसूर नको. हरळी, लव्हाळा काढून घ्या, शेणखत मिसळा, मगच साडेचार फुटांवर बेड पाडा. त्यानंतर चाक आणि पाय फक्त सरीत.

पीक संपल्यावर तारा, काठ्या, ठिबकच्या नळ्या उचला. प्लास्टिक मल्चिंग असेल तर त्याचा तुकडाही मागे ठेवू नका. आता खरं काम: झाड उपटायचं नाही, विळ्याने जमिनीलगत कापायचं. काही आठवड्यांनी बुंध्याजवळ हलकेच उकरून पाहा. मुळं कुजत जातात, त्यांच्या जागी पोकळ वाट उरते. पाणी आणि हवा त्याच वाटेने खाली उतरतात. हे काम नांगराला इतकं नाजूकपणे जमत नाही. मर रोग लागलेली किंवा मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असलेली झाडं मात्र मुळासकट काढून शेताबाहेर नष्ट करा.

पुढे वांगी, मिरची नको, ती टोमॅटोच्याच कुळातली. चवळी घ्या. खतातल्या १ किलो नत्रामागे ६०.६ मेगाज्यूल ऊर्जा धरतात, म्हणजे लिटरभर डिझेलपेक्षा जास्त; चवळी हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत धरून त्यातला काही भार उचलते. जुन्या बुंध्यांच्या मधोमध खुरप्याने बी टोका. रोपं वीतभर झाली की उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा, खोडाजवळ थोडी जागा मोकळी सोडून. ओल टिकते, मोटर कमी तास चालते. पाचट आहे म्हणून पाण्याची जुनी वेळ तशीच ठेवू नका. मूठभर माती दाबून पाहा आणि मगच व्हॉल्व्ह उघडा.

पहिले एक-दोन हंगाम तण त्रास देईल. बी धरण्याआधी कापून तिथेच पसरा. गाजर-मुळ्याला भुसभुशीत माती लागते, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून नको. पाच गुंठ्यांपासून करा आणि वहीत डिझेलचे लिटर, मोटरचे तास, खुरपणीची मजुरी, तिन्ही लिहा. खुरपणीचा आकडा वाढला तर पुढच्या वेळी पाचटाचा थर जाड करा.