'बहात्तरच्या दुष्काळात खोदली': अंदाजी माहिती डेटाबेसात कशी नोंदवावी

औसा तालुक्यातल्या एखाद्या गावात विहिरींची यादी करताना विहीर कधी खोदली असे विचारले, तर तारीख मिळत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात", "भूकंपाच्या आधी" अशी उत्तरे मिळतात आणि खोली 'परस' या जुन्या मापात सांगितली जाते. नोंद करणारा 1 जानेवारी 1972 असे लिहून मोकळा होतो, आणि उत्तरात मुळात नसलेली अचूकता डेटाबेसात शिरते.

म्हणून बोललेले शब्द एका स्तंभात जसेच्या तसे ठेवावेत आणि शेजारी 'लवकरात लवकर' व 'उशिरात उशिरा' असे तारखेचे दोन स्तंभ करावेत. बहात्तरच्या दुष्काळासाठी जून 1972 ते जून 1973 धरता येते. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, त्यामुळे त्याआधीच्या विहिरीची वरची, म्हणजे उशिरात उशिराची, मर्यादा 29 सप्टेंबर होते आणि खालची रिकामी राहते. परस पाच ते सहा फुटांचा धरल्यास आठ परस म्हणजे 40 ते 48 फूट.

यानंतर डेटाबेसाला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतो. 1980 पूर्वीच्या विहिरी हव्या असल्यास, जिची वरची मर्यादा 1980 च्या आधीची ती विहीर 'नक्की', आणि जिची निदान खालची मर्यादा आधीची ती 'शक्य'. घात होतो तो येथे: भूकंपाआधीच्या विहिरीची खालची मर्यादा नल, म्हणजे रिकामी, आहे, नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते, आणि ओळी निवडणारी व्हेअरची अट केवळ खऱ्या ठरलेल्या ओळीच पुढे सोडत असल्यामुळे ही विहीर शक्य असूनही यादीतून मुकाट्याने गळते. तेव्हा 'शक्य'च्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसाला विचारलेल्या प्रश्नात, 'किंवा खालची मर्यादा नल आहे' ही अट जोडावी. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत 2012 च्या 9.2 आवृत्तीपासून असलेला डेटरेंज हा तारखांच्या पल्ल्याचा प्रकार उघडी बाजू अमर्याद मानतो. पण खालची मर्यादा काढणारे लोअर हे फंक्शन तेथेही नलच देते, म्हणून दोन पल्ले एकमेकांत येतात का हे पाहणारे ओव्हरलॅपचे चिन्ह वापरावे.

खोली ठाऊक नसल्यास शून्य टाकू नये. दहांपैकी सहा विहिरींची सरासरी 42 फूट असेल, तर उरलेली चार शून्ये ती 25.2 वर आणतात. सरासरीचे फंक्शन नल वगळते, शून्य नाही.

दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही वेगळ्या ओळींत, सांगणाऱ्याचा विहिरीशी संबंध लिहून ठेवावीत. त्यांना 0.7 आणि 0.3 अशी संभाव्यता लावण्याचा मोह होतो, परंतु आकडा कशावरून आला हे सांगता येत नसेल तर तो लावू नये. उत्तरे जुळली तरी सख्ख्या भावांनी सांगितलेली गोष्ट बहुधा वडिलांकडून ऐकलेली एकच असते. तिला दोन स्वतंत्र साक्षी मानून गणित केले, तर खात्री फुकटची वाढते. पुढे कर्जाचा एखादा कागद सापडला, तर मर्यादा बदलाव्यात आणि बदलाचे कारण व दिनांक लिहावा; बोललेले शब्द मात्र तसेच राहू द्यावेत.