स्मरणासाठी समूहगान बसवताना

द्वेषापोटी मारल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ समूहगानाचा कार्यक्रम करायचा असेल, तर गाणी निवडण्याआधी त्या माणसाचे जगणे समजून घ्यावे. समलिंगी असलेला मॅथ्यू शेपर्ड हा अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये लॅरमी शहराबाहेर दोन तरुणांनी त्याला बेदम मारहाण करून कुंपणाला बांधून सोडले आणि १२ ऑक्टोबरला तो रुग्णालयात मरण पावला. त्याच्यावर संगीतकार क्रेग हेला जॉन्सन यांनी रचलेली, २०१६ मध्ये प्रथम सादर झालेली दीर्घ समूहगान-रचना या कामासाठी बारकाईने ऐकण्यासारखी आहे. तिच्यात मारहाणीचा प्रसंग येण्याआधी एक साधा, हसराखेळता मुलगा आपल्याला भेटतो, आणि म्हणूनच पुढचा आघात खरा वाटतो. तुमच्याही कार्यक्रमात पहिली दोन-तीन गीते त्या व्यक्तीच्या आवडीनिवडींची, गावाची, घराची असावीत.

हिंसेचे वर्णन किती करायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. जॉन्सन यांच्या रचनेत त्या लाकडी कुंपणालाच बोलते केले आहे. त्या रात्रीआधी ते काय होते, त्या रात्री त्याने काय पाहिले आणि पुढे लोक तिथे येऊ लागले तेव्हा काय झाले, हे तेच सांगते. जखमांची यादी गाण्यापेक्षा अशी एखादी मूक साक्षीदार वस्तू निवडणे मला अधिक प्रामाणिक वाटते. याच रचनेचा साचा जर्मन संगीतकार बाखच्या पॅशनसारखा, म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणाऱ्या रचनेसारखा आहे. पॅशनमध्ये येशूला क्रूसावर द्या म्हणून ओरडणारा जमाव आणि त्याच्यासाठी शोक करणारे भाविक, या दोघांचेही शब्द समूहच गातो. सर्वसमावेशकतेचे काम इथून सुरू होते असे मी मानतो, कारण मारणाऱ्यांचे शब्द स्वतःच्या तोंडून गाताना गायकाला ‘ते लोक’ आणि ‘आपण’ अशी सोपी विभागणी करता येत नाही. मात्र असा भाग ठेवण्याआधी कुटुंबीयांना संहिता वाचून दाखवावी आणि त्यांचा नकार असल्यास तो भाग निमूटपणे काढावा. कार्यक्रमाची जागाही त्यांना विचारूनच ठरवावी. विटंबनेच्या भीतीने शेपर्डच्या आईवडिलांनी त्याची रक्षा २० वर्षे जपून ठेवली होती आणि २०१८ मध्ये ती वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलमध्ये ठेवली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे या विचारण्याचे महत्त्व कळते.

गायकांची विभागणी स्त्री-पुरुष अशी न करता आवाजाच्या पट्टीप्रमाणे उंच, मधला आणि खालचा अशी करावी, म्हणजे ट्रान्स गायकांना आपली जागा मागावी लागत नाही. पोशाखाला फक्त रंग ठरवावा. उभे राहणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या पहिल्या तालमीपासून ओळीतच ठेवाव्यात. पाश्चात्त्य स्वरलिपी न वाचणाऱ्यांना प्रत्येक भागाचे सरगम लिहून द्यावे.

रडू आले की घसा आवळतो आणि सूर उतरतो. त्यामुळे सर्वांत हृदयद्रावक ओळी शेवटच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता पहिल्याच तालमीत घ्याव्यात, आधी शब्द मोठ्याने वाचून आणि मग चालीवर. लांब स्वरांवर शेजाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यावा. एखाद्याचा आवाज फुटला तर त्याने एक ओळ थांबावे, बाकीचे ती सांभाळतात, हे आधीच सांगून ठेवावे.

प्रत्येक गटाजवळ वाद्यांशिवाय गाता येईल असे एक छोटे, संथ गीत कायम तयार असावे. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत उघडपणे समलिंगी असलेले नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली, त्याच रात्री मेणबत्त्या घेऊन जमलेल्या हजारो लोकांसमोर सिटी हॉलच्या पायऱ्यांवर तिथल्या समलिंगी पुरुषांच्या गायनसमूहाने जर्मन संगीतकार मेंडेल्सोनचे एक भक्तिगीत गायले. त्या समूहाची पहिली तालीम होऊन महिनाही झाला नव्हता.

शेवटच्या गीतानंतर टाळ्या वाजवायच्या की नाही, हे निवेदकाने आरंभीच सांगावे. सांगितले नाही तर श्रोते गोंधळतात आणि शांतता मोडते. नावे वाचायची असतील, तर घरचे त्या व्यक्तीला ज्या नावाने हाक मारत तेच, त्यांच्याकडून उच्चार ऐकून, वाचावे.